खोली विकून गावी जायचे म्हणता? जरा थांबा!

गेल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही शेजारच्या चार घरची माणसे मिळून गोराईच्या पॅगोडावर गेलो होतो. आमच्या म्हाडा वसाहतीतून चालत खाडीच्या धक्क्यावर जायचे आणि लाँचने पलीकडे उतरायचे, हा आमचा दर वर्षीचा शिरस्ता. ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते या पॅगोडाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून हा शिरस्ता सुरू आहे. आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसतील एवढा मोठा घुमट आणि आत आधाराला एकही खांब नाही! लहान मुले मान वर करून बघत राहतात. वंदना झाली, डबे उघडले, ऊन उतरल्यावर आम्ही परतीच्या लाँचमध्ये बसलो.

लाँच खाडीच्या मध्यावर आली तेव्हा शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, पुढच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही इथे नसू. खोली विकायचं ठरलंय. गावी चाललो कायमचं."

मी चमकले. पस्तीस वर्षांचा शेजार! त्यांच्या मुलीचे पहिले पाऊल माझ्या ओट्यावर पडले. भाऊजी दोन वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झाले. थोरला मुलगा विरारला भाड्याने राहतो, त्याला घर घ्यायचे आहे. धाकटी नर्सिंगचा कोर्स करते. भाऊजींचा हिशेब सरळ होता. खोली विकायची, निम्मे पैसे मुलाला द्यायचे, निम्म्यात चिपळूण तालुक्यातल्या गावचे घर चांगले बांधायचे आणि उरलेल्यावर सुखाने राहायचे. "गावी खर्च काय? भात घरचा, पाणी फुकट, हवा चांगली," असे ते पलीकडच्या बाकावरून म्हणाले.

"आणि वहिनी, तुमचं काय मत?" मी विचारले.

त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

वाचकहो, हा प्रश्न आज आमच्या एकट्या शेजाऱ्यांचा राहिलेला नाही. गोराई, चारकोप, मालवणी, मुलुंड, घाटकोपर, जिथे जिथे आपला कष्टकरी समाज राहतो तिथे तिथे निवृत्तीला आलेल्या घरात हीच चर्चा आहे. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

गोराई हेही एकेकाळी गावच होते

आम्ही गोराईला आलो १९८९ साली. त्याआधी नायगावच्या बी.डी.डी. चाळीत एका खोलीत नऊ माणसे राहत होतो. रात्री पुरुष माणसे व्हरांड्यात झोपत. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. त्यातून म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी, मुलुंड अशा ठिकाणी गरिबांसाठी लहान लहान भूखंड पाडले. सरकारने रस्ता, गटार, पाणी, विजेची सोय करायची आणि भिंती ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभ्या करायच्या, अशी ती योजना. आमच्या वाट्याला पंचवीस चौरस मीटरचा तुकडा आला. पहिल्या पावसाळ्यात आमच्या घराला तीन बाजूंनी विटा आणि चौथ्या बाजूने ताडपत्री होती.

नातेवाईक हसले. "नायगाव सोडून जंगलात चाललात?" म्हणाले. त्यांचे फारसे चुकत नव्हते. एका बाजूला खाडी, तिवरे, डास, आणि १९७२ पासून कचरा पडत असलेले डंपिंग ग्राऊंड. वारा फिरला की जेवण घशाखाली उतरत नसे. ते डंपिंग बंद व्हायला २००७ साल उजाडावे लागले. रात्री आठनंतर स्टेशनवरून रिक्षावाले यायला तयार नसत. आजारी माणसाला रात्री हलवायचे तर शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत न्यायचे. म्हणजे शहर सोडून उजाड जागी संसार मांडण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. तो आपण एकदा घेतलेला आहे आणि त्यात आपण यशस्वी झालो.

पण यशस्वी का झालो, याचा विचार करा. भूखंडांची सोडत निघाली होती. चिठ्ठीत ज्याचा नंबर आला तो त्याचा शेजारी. आमच्या सोसायटीत एका बाजूला मराठा, एका बाजूला आगरी, समोर ख्रिस्ती, कोपऱ्यावर मुसलमान आणि मधे आम्ही. मधल्या अंगणाला सगळ्यांची दारे. पाणी एकाच लाईनीचे. त्या चिठ्ठीने गावकूस ठेवले नाही, म्हणून गावकुसाबाहेरचे घरही ठेवले नाही. मने लगेच साफ झाली असे मी म्हणत नाही. सुरुवातीला हळदीकुंकवाला आम्हाला टाळणाऱ्या बायका होत्या. पण एकाच खड्ड्यातून चालायचे, एकाच बसची वाट पाहायची, एकाच अर्जावर सह्या करायच्या, म्हणता म्हणता अंतर कमी झाले. पुढे वर्गणी काढून आम्ही विहार उभे केले तेव्हा त्या वर्गणीत इतर समाजाच्या शेजाऱ्यांचाही पैसा होता.

गोराईने आपल्याला चार भिंती दिल्या त्यापेक्षा ही गोष्ट मोठी दिली. खोलीची किंमत करताना हीही धरली पाहिजे.

आपले वाडवडील गाव सोडून का आले?

आपल्या मुलांना वाटते, आजोबा पैसे कमवायला मुंबईला आले. हे अर्धेच खरे आहे. पोट तर होतेच. पण गावात पोटासाठी जे करावे लागे त्याची शिसारी येऊन ते आले. महारकीचे वतन म्हणजे गावाची रात्रंदिवस फुकट चाकरी आणि बदल्यात तुटपुंजे बलुते व जमिनीचा तुकडा. या वतनाच्या फासातून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. वतने प्रत्यक्ष रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

मुंबईतही स्वर्ग नव्हता. कापड गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तो विटाळेल म्हणून! तरीही माणसे मुंबईला येत राहिली, कारण इथे रात्रशाळा होती, युनियन होती, गर्दीत जात विचारायला लोकांना सवड कमी होती. स्वतः बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले आणि त्या चाळीतून त्यांनी जग हलवले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कुणाला ते फार कडक वाटले. पण ज्याने लहानपणी, १९०१ साली, मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे जाताना रात्रभर पाण्याच्या घोटासाठी तळमळ सोसली, त्याला खेडे कसे असते हे पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाबासाहेब शेतीच्या किंवा जमिनीच्या विरोधात नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात, त्यांना पडीक सरकारी जमीन मिळावी असा ठराव झाला. १९४७ साली घटनासमितीसाठी तयार केलेल्या निवेदनातही त्यांनी हाच मुद्दा मांडला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. बायाबापड्या, लेकुरवाळ्या तुरुंगात गेल्या. म्हणजे आपल्या चळवळीला हवी होती ती स्वतःच्या मालकीची जमीन आणि स्वाभिमानाचे जगणे. जुन्या जागी, जुन्या पायरीवर परत जाऊन बसणे तिला नको होते. गावी जाताना हा फरक विसरून चालणार नाही.

परतीच्या तीन लाटा

गावाकडे परत जाण्याची पहिली मोठी लाट मी सून म्हणून पाहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले. माझे सासरे त्यांतले एक. वर्ष झाले, चूल पेटेना, तेव्हा ते सासूबाईंना घेऊन गावी गेले. आपले घर, आपला वाडा, दोन वर्षे काढू म्हणाले. पहिल्याच शिमग्याला गावातून निरोप आला, सणाची पूर्वापारची कामे तुमच्या घराकडे आहेत, ती करायला या. तीस वर्षे गिरणीत काम केलेला, १९५६ साली दीक्षा घेतलेला माणूस! त्यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून दुकानदाराने उधारी बंद केली आणि नांगराला कुणी बैल देईना. भांडण नाही, मारामारी नाही. सगळे गोड बोलून बंद. सासरे पुन्हा नायगावला आले ते खचूनच.

दुसरी लाट आली २०२० साली. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि हातावर पोट असलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी गावी निघाली. गावच्या शाळेत चौदा चौदा दिवस राहिली. कुठे गावाने भाकरी दिली, कुठे वाटेत बाभळी आडव्या टाकल्या. त्या वेळी अनेकांना कळले की गावी डोक्यावर छप्पर असणे किती मोलाचे असते.

तिसरी लाट आता आली आहे, निवृत्तीची आणि खोलीच्या किमतीची. ताडपत्रीच्या आडोशाने सुरू झालेल्या त्या तुकड्याला आज मोठी किंमत येते. दलाल दारात येतो, आकडा सांगतो आणि आयुष्यभर हजारांत हिशेब केलेल्या माणसाचे डोके फिरते.

दोन घरांची गोष्ट

माझ्या माहितीतली दोन घरे सांगते. नावे मुद्दाम देत नाही.

पहिले जोडपे २०२१ च्या दिवाळीनंतर रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या गावी गेले. त्यांनी गोराईची खोली विकली नाही, ती मुलाकडे ठेवली. गावचे घर त्यांनी नोकरीत असतानाच थोडे थोडे दुरुस्त केले होते. काका परसात केळी, भाजी करतात. भातशेतीच्या भानगडीत पडत नाहीत, कारण माकडे आणि रानडुकरे हाती काही लागू देत नाहीत. संध्याकाळी वाडीतली पोरे त्यांच्या पडवीत अभ्यासाला बसतात. काकूंनी महिला मंडळ उभे केले. वर्षातून तीन महिने दोघे मुंबईला येतात, डोळे-दात तपासून घेतात, नातवंडांना भेटतात. त्यांचे छान चालले आहे.

दुसऱ्या घराने खोली विकली. मुलाला पैसे दिले, मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडले, उरलेल्यात गावी घर बांधायला घेतले. जोते झाले आणि चुलतभाऊ उभा राहिला. जागा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेलीच नव्हती. काम थांबले. वीटवाळू पावसात गेली. दोन वर्षे तालुक्याला खेपा घालून पैसा संपला. आज ते पतिपत्नी नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहतात. ज्या माणसाने गोराईत स्वतःच्या हाताने भिंत बांधली तो उतारवयात घरमालकाच्या दारात उभा राहतो. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

दोघांची गावे सारखीच, पगारही सारखाच. फरक पडला तो कागदाचा, घाईचा, आणि परतीची वाट ठेवली की नाही याचा.

निघण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

पहिली गोष्ट कागद. गावच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. घर असेल तर ग्रामपंचायतीतला घराचा उतारा काढा. त्यावर कुणाचे नाव आहे ते बघा. आजोबा-पणजोबांचे असेल तर आधी वारसनोंद, मग बांधकाम. जुन्या वतनाची जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोन म्हणून नोंदलेली असते. तिच्या विक्रीवर, हस्तांतरावर शर्ती असतात. तलाठ्याला विचारल्याशिवाय, शक्य तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय त्या जमिनीचा व्यवहार करू नका आणि कुणी करत असेल तर सही देऊ नका.

दुसरी गोष्ट बहिणींची. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. गावी घर बांधायचे म्हणून बहिणीला रक्षाबंधनाला बोलावून, साडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेणे हे आपल्याला शोभत नाही. ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्काचे विधेयक अडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांचा फोटो त्याच घरात लावायचा आहे ना? बहिणीशी मोकळेपणाने बोला. तिचा वाटा मान्य करा. पुष्कळदा बहीण आपणहून म्हणते, दादा तू राहा, मला माहेरची एक खोली असू दे.

तिसरी गोष्ट दवाखाना. साठीनंतर माणूस हवेवर जगत नाही, औषधावर जगतो. रक्तदाब, साखर असेल तर गोळ्या कुठे मिळतात, रात्री छातीत दुखले तर गाडी कुणाची, तालुक्याचे रुग्णालय किती लांब, हे आधी विचारून ठेवा. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पूर आला तेव्हा बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, हेही विचारा.

चौथी गोष्ट मिळकत. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आपल्या माणसाचे भविष्यनिर्वाह निधीचे पेन्शन किती असते हे सांगायला नको. १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान रक्कम हजार रुपये ठरली ती २०१४ साली, यावरून समजा. भात घरचा म्हणतो, पण डाळ, तेल, गॅस, वीज, औषध, एस.टी.चे भाडे, लग्नकार्याचा आहेर हे सगळे रोख लागते. खोलीच्या पैशाला हात न लावता महिना निघतो का, तो हिशेब कागदावर मांडा. निघत नसेल तर खोलीचा पैसा पाच-सात वर्षांत संपेल आणि तेव्हा खोलीही नसेल.

पाचवी गोष्ट मुलांची. शिकत असलेल्या मुलाला, विशेषतः मुलीला, मधेच उचलून गावी नेऊ नका. तिचा कोर्स पूर्ण होऊ द्या. आणि जातीच्या दाखल्याचे कागद सांभाळा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो बहुतेकांचा गावच्या शाळेत किंवा महसुली दफ्तरातच असतो. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीपासून होत्या, केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. ज्या कागदासाठी समाज चौतीस वर्षे भांडला तो पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाऊ नये. गावी गेलात की पहिले काम म्हणून पणजोबांच्या दाखल्याची नक्कल काढा.

गाव बदलले आहे का?

बदलले आहे आणि नाहीही. रस्ता आला, वीज आली, पुष्कळ ठिकाणी दारात नळ आला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. आता तर २०२४ च्या ऑगस्टपासून वांद्र्याहून बोरिवलीमार्गे मडगावची गाडी आठवड्यातून दोनदा सुटते, म्हणजे गोराईकराला दादर-ठाण्याला धावायला नको. ग्रामपंचायतीत राखीव जागा आहेत, निम्म्या जागा स्त्रियांना आहेत.

पण वाडी अजून वेगळीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली हे चांगलेच झाले. पण वाडी होती तिथेच राहिली, नदीच्या खालच्या अंगाला किंवा डोंगराच्या उताराला. मुंबईच्या सोसायटीत मोठे झालेले आपले मूल पहिल्यांदा हे बघते तेव्हा विचारते, "आजी, आपलं घर सगळ्यांपासून लांब का?" त्याला खरे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच जा.

भिऊन जाऊ नका, मात्र आंधळेपणाने जाऊ नका. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे आणि २०१५ साली तो अधिक कडक झाला. गावकीच्या नावाखाली वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तो नव्हता. कायदा खिशात असावा, पण शेजाऱ्याशी पहिले बोलणे कायद्याने सुरू करू नये, एवढे तारतम्य आपल्याला मुंबईच्या चाळीने शिकवले आहेच.

ज्यांना शेती करायचीच आहे अशा भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. घरासाठी रमाई आवास योजना आहे. गावी राहणाऱ्या आपल्या भावंडांना या योजनांचा अर्ज भरून देणे, हेही मुंबईकराचे काम आहे.

बाईला विचारा

आता माझ्या मनातले. गावी जाण्याचा विचार बहुधा पुरुषाच्या डोक्यात येतो. त्याला आठवते ते लहानपणचे पोहणे, आंबे, शाळेतले मित्र. बाईचे लहानपण त्या गावात गेलेले नसते. ते तिचे सासर असते. इथे ती पस्तीस वर्षांत कुणी तरी झालेली असते. बचत गटाची खजिनदार, विहारात वंदना सांगणारी, बालवाडीची ताई. तिथे पाय ठेवला की साठाव्या वर्षी ती पुन्हा धाकटी सून. आल्यागेल्याचा चहा, थोरल्या जावेचा मान, डोक्यावरचा पदर. पुरुष निवृत्त होऊन गावी जातो आणि बाई गावी जाऊन पुन्हा कामाला लागते!

म्हणून म्हणते, हा निर्णय दोघांच्या सहीचा असावा. तिला विचारा, ऐकून घ्या, आणि ती नाही म्हणाली तर तिचे नाही हेही उत्तर समजा. ती हो म्हणाली तर मग तिच्या सोयीचा संडास, न्हाणीघर आणि ओटा आधी बांधा, देवडी-दरवाजा मागून.

आणि शक्य तर एकटे घर जाऊ नका. वाडीतली मुंबईची तीन-चार घरे एकत्र ठरवून जा. स्वतंत्र वसाहतीची मागणी करताना बाबासाहेबांनी हेच ताडले होते, की एकट्या माणसाला गाव वाकवते, वस्तीला वाकवणे कठीण जाते. जाताना नुसते सामान नेऊ नका. पुस्तकांची पेटी न्या. एखादी अभ्यासिका, रविवारची वंदना, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारण्याची सवय, हे सगळे गोराईहून गावी गेले तर तुमच्या जाण्याला अर्थ आहे.

शेवटी काय ठरले?

त्या रात्री मी आणि आमचे हे, दोघे शेजारी जाऊन बसलो. चहा झाला. यांनी भाऊजींना एकच विचारले, "सातबारावर तुमचं नाव आहे का?" भाऊजी गप्प. नाव त्यांच्या वडिलांचेच होते, आणि वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. मग मी म्हटले, "भाऊजी, वहिनींना विचारा." त्यांनी खरेच विचारले. वहिनी पहिल्यांदा रडल्या आणि मग बोलल्या. त्यांना गाव नको नव्हते. त्यांना दार कायमचे बंद व्हायला नको होते. मुलीचा कोर्स संपेपर्यंत एक वर्ष आणि परत यायला एक खोली, एवढेच त्यांचे मागणे.

मुलगा विरारहून आला होता. तो म्हणाला, "आई, मला पैसे आज नकोत. मीच इकडे येऊन राहतो, माझं भाडं वाचेल तेवढे दर महिन्याला बाजूला टाकू." इतके सोपे उत्तर घरातच होते, पण तोवर कुणी एकत्र बसलेच नव्हते!

दलालाला नाही म्हणून सांगितले. पावसाळ्याच्या तोंडाला दोघे बोरिवलीहून गाडीने गावी गेले, वर्षभर राहून बघण्यासाठी. कौले गळतात का, रस्ता बंद होतो का, शेजार कसा आहे, हे पावसातच कळते. वारसनोंदीचा अर्ज दिला आहे, भाऊजींच्या दोन्ही बहिणींची नावे त्यात आहेत. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, पाऊस फार आहे, लाईट तीन दिवस नाही. पण वाडीतल्या सहा मुली संध्याकाळी माझ्याकडे येतात. विहाराच्या कपाटातली दहावीची जुनी पुस्तकं पाठवाल का?"

पुस्तके बांधून ठेवली आहेत. भाऊजींचा मुलगा येत्या सुट्टीला घेऊन जाईल. त्या राहतील की परत येतील, मला सांगता येणार नाही. पण राहिल्या तर स्वतःच्या मर्जीने राहतील आणि आल्या तर स्वतःच्या दाराशी येतील.

समाजबांधवांनो, भगिनींनो, गावी जा किंवा जाऊ नका, पण जे काही कराल ते ताठ मानेने आणि परतीची वाट मोकळी ठेवून करा. आपल्या वाडवडिलांनी ती वाट फार कष्टाने पाडली आहे.

जयभीम!